रात्रीचा आवाज व शेजारधर्म

रात्रीचे साडेअकरा वाजले आहेत. शहरातील एका चार मजली इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, मुलीच्या परीक्षेतील यशानिमित्त पंधरा-सोळा आप्तेष्ट जमले आहेत. जेवणे आटोपली आहेत, गप्पांना रंग चढला आहे, मधूनच कोणी एखादे जुने गाणे म्हणत आहे आणि कोणी टेबलावर ठेका धरला आहे. इतक्यात दारावरची घंटा वाजते. दारात खालच्या मजल्यावरील वृद्ध गृहस्थ उभे असतात.

“अहो, जरा आवाज आवरा. दोन तास झाले, डोळ्याला डोळा लागलेला नाही.”

यजमान चकित होतात. “काका, आम्ही तर नुसते बोलत बसलो आहोत. साधे यंत्रसुद्धा लावलेले नाही!”

दार लागते. यजमानांना शेजारी तक्रारखोर वाटतात, शेजाऱ्यांना यजमान उद्धट वाटतात. दुसऱ्या दिवशी जिन्यात गाठ पडते, परंतु नमस्कार होत नाही.

हा प्रसंग कोणत्याही एका शहराचा नाही. कोलकात्यातील अड्डा, लखनऊमधील शेरोशायरीची बैठक, दिल्लीतील विवाहापूर्वीचे संगीत, चेन्नईतील भजन, पुण्यातील कोजागरी यांपैकी निमित्त कोणतेही असो, माणसे घरी जमली की रात्र वाढते आणि रात्र वाढली की भिंतीपलीकडे कोणीतरी जागे राहते. अशा भांडणांत सामान्यतः एक पक्ष खरा व दुसरा खोटा असे आपण धरून चालतो. वरील प्रसंगात मात्र दोघेही खरे बोलत आहेत. यजमानांना आपला आवाज मोठा वाटत नाही हे खरे, आणि काकांना झोप लागत नाही हेही खरे. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी असू शकतात, याचे उत्तर ध्वनिशास्त्रात आहे. ते समजून घेतले म्हणजे तक्रार कशी करावी आणि कशी ऐकावी हेही आपोआप स्पष्ट होते.

आवाजाचे माप

ध्वनी म्हणजे हवेतील दाबाची लहर होय. ती २० अंश सेल्सिअस तापमानात सेकंदाला सुमारे ३४३ मीटर वेगाने पसरते. मनुष्याच्या कानाची ग्रहणशक्ती विलक्षण आहे. ऐकू येणाऱ्या अगदी मंद ध्वनीच्या तुलनेत कानाला वेदना देणाऱ्या ध्वनीची तीव्रता सुमारे दहा लाख कोटी पट असते. एवढ्या प्रचंड पल्ल्यासाठी साधे माप गैरसोयीचे ठरते. म्हणून शास्त्रज्ञ डेसिबेल हे माप वापरतात. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या नावावरून हा शब्द आला आहे.

डेसिबेलचे गणित बेरजेचे नसून पटींचे आहे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. तीव्रता दसपट झाली की माप १० डेसिबेलने वाढते, शंभरपट झाली की २० डेसिबेलने. तीव्रता दुप्पट झाली तर वाढ केवळ ३ डेसिबेलची होते. कानाला मात्र सुमारे १० डेसिबेलची वाढ झाल्यावर आवाज “दुप्पट मोठा” झाल्यासारखा वाटतो. म्हणून ५५ आणि ४५ या आकड्यांतील अंतर कागदावर किरकोळ दिसले, तरी त्यांतील पहिल्या ध्वनीत दुसऱ्याच्या दसपट ऊर्जा असते.

एक मीटर अंतरावरून ऐकलेले साधे संभाषण सुमारे ६० डेसिबेलचे असते. आवाज थोडा चढविला की तो ६६ च्या आसपास जातो, मोठ्याने बोलल्यास ७५ च्या आसपास, आणि ओरडल्यास ८५ च्याही पुढे. हे आकडे लक्षात ठेवून आता आपण तिसऱ्या मजल्यावरील बैठकीकडे परत जाऊ.

बैठकीचा आवाज का चढतो?

सोळा माणसे दोन-दोनच्या गटांत बोलत असतील, तर एका वेळी आठ जण बोलत असतात. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ अशी तीन वेळा दुप्पट झाली. प्रत्येक दुपटीला ३ डेसिबेल या हिशेबाने खोलीतील आवाज ९ डेसिबेलनेच वाढावयास हवा. प्रत्यक्षात तो याहून पुष्कळ अधिक वाढतो.

याचे कारण फ्रेंच वैद्य एत्येन लोंबार यांनी १९११ साली दाखवून दिले. आपल्या कानात भोवतालचा गोंगाट शिरू लागला की आपण नकळत आपला आवाज चढवितो. कोणी सांगावे लागत नाही, ठरवावे लागत नाही. जणू कान आणि कंठ यांच्यामध्ये एक अदृश्य दोरी बांधलेली असते. या आविष्काराला आज “लोंबार परिणाम” म्हणतात. भोवतालचा गोंगाट १ डेसिबेलने वाढला, तर बोलणारा आपला आवाज साधारणतः अर्ध्या डेसिबेलच्या आसपास चढवितो.

आता यातील गंमत पाहा. पहिल्या गटामुळे दुसरा गट आवाज चढवितो, दुसऱ्यामुळे तिसरा आणि तिसऱ्यामुळे पुन्हा पहिला. हे चक्र स्थिरावेपर्यंत प्रत्येक दुपटीमागे ३ ऐवजी सुमारे ६ डेसिबेलची वाढ झालेली असते. तीन दुपटींत १८ डेसिबेल! एकाच्या बोलण्याने ६० डेसिबेल असलेली खोली आता ७८ वर जाऊन पोहोचते. तीव्रतेच्या भाषेत सांगावयाचे तर ही वाढ साठ पटींहून अधिक आहे. या सबंध वेळात कोणीही “ओरडू या” असे ठरविलेले नसते. प्रत्येकजण केवळ समोरच्याला ऐकू जाईल एवढेच बोलत असतो.

घराची रचना या चक्राला हातभार लावते. अमेरिकन शास्त्रज्ञ वॉलेस सबाइन यांनी १८९५ पासून हार्वर्ड विद्यापीठातील एका सदोष व्याख्यानगृहाचा अभ्यास केला. आसनांवरील गाद्या आत नेऊन ते घुमणारा ध्वनी मोजत. खोलीतील मऊ वस्तू ध्वनी शोषतात आणि कठीण पृष्ठभाग तो परतवितात, हे त्यांनी गणिताने सिद्ध केले. आपल्या उष्ण देशात घरे थंड राहावीत म्हणून फरशी, गुळगुळीत गिलावा आणि मोजके सामान यांना आपण पसंती देतो. अशी खोली ध्वनी सहसा शोषीत नाही, तो पुन्हा पुन्हा परतविते. त्यामुळे शब्द अस्पष्ट होतात आणि ते स्पष्ट करण्यासाठी माणसे आणखी मोठ्याने बोलतात.

ही वाढ हळूहळू, तास-दीड तासात होते, त्यामुळे आत बसलेल्यांना ती जाणवत नाही. बाहेरून उशिरा आलेला पाहुणा दार उघडताच दचकतो, पण दहा मिनिटांत तोही त्याच सुरात बोलू लागतो. सारांश, आपल्या घरातील आवाजाची पारख करण्यास यजमान हा सर्वांत अपात्र मनुष्य असतो. हा त्याच्या स्वभावाचा दोष नव्हे, मनुष्याच्या कानाचा धर्म आहे.

भिंत काय अडविते आणि काय अडवीत नाही

आवाज अडविण्याचे मुख्य साधन म्हणजे वजन. हवेच्या लहरींनी भिंत किंचित हालते आणि पलीकडच्या हवेला हालविते. भिंत जितकी जड, तितकी ती कमी हालते. भिंतीचे वजन दुप्पट केले तर अडवणूक सुमारे ६ डेसिबेलने वाढते. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली एका विटेच्या जाडीची भिंत सुमारे ५० डेसिबेल आवाज अडविते, अर्ध्या विटेची सुमारे ४५. ७८ डेसिबेलच्या बैठकीतून अशा भिंतीपलीकडे २८ ते ३३ डेसिबेल पोहोचतील. हे प्रमाण वरकरणी सुसह्य वाटते. मग काकांची झोप का उडते?

पहिले कारण म्हणजे फटी. ध्वनी पाण्यासारखा आहे, त्याला छिद्र सापडले की बांधाच्या मजबुतीला अर्थ उरत नाही. दोन खोल्यांमधील भिंतीचा शंभरावा भाग जरी उघडा असला, तरी उरलेली भिंत कितीही जाड असो, ती २० डेसिबेलहून अधिक आवाज अडवू शकत नाही. दाराखालची फट, वातानुकूलन यंत्रासाठी पाडलेले भोक, झरोका या सर्व अशाच वाटा होत. उन्हाळ्यात तर यजमानांची खिडकी उघडी असते आणि शेजाऱ्यांचीही. भिंतीने अडविलेला आवाज मग एका खिडकीतून बाहेर पडून वळसा घालून दुसरीतून आत येतो.

दुसरे कारण खर्ज. भिंतीची अडवणूक सर्व स्वरांना सारखी नसते. कंप्रता निम्मी झाली की ती सुमारे ६ डेसिबेलने घटते. म्हणून शेजारच्या घरातील गाण्याचे शब्द व सूर आपणांस ऐकू येत नाहीत, पण डग्ग्याचा किंवा ध्वनिवर्धकाचा “धप धप” ठोका तेवढा येतो. खर्जाची लहर लांबही असते. सेकंदाला १०० कंप असलेल्या ध्वनीची लहर जवळजवळ साडेतीन मीटर लांब, तर १००० कंपांची केवळ ३४ सेंटिमीटर. लांब लहर कोपऱ्यांवरून सहज वळते.

येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. कायद्यातील डेसिबेलचे आकडे “ए” नावाच्या प्रमाणानुसार मोजले जातात. मंद आवाजात खर्ज आपणांस कमी ऐकू येतो, म्हणून हे प्रमाण १०० कंपांच्या ध्वनीतून सुमारे १९ डेसिबेल वजा करते. परिणामी ठोक्याने एखादा हैराण झालेला असतानाही मापक यंत्राचा काटा निमूट राहू शकतो. केवळ आकडा कमी आला म्हणून शेजाऱ्याची तक्रार खोटी ठरत नाही.

तिसरे कारण सर्वांत दुर्लक्षित आहे. खुर्ची सरकली, टाच आपटली, मूल उडी मारून नाचले, जमिनीवर ठेवलेल्या ध्वनिवर्धकाने ठोका दिला, म्हणजे आवाज हवेतून न जाता सरळ इमारतीच्या देहात शिरतो. काँक्रीटमध्ये ध्वनी सेकंदाला ३००० मीटरहून अधिक वेगाने धावतो आणि वाटेत फारसा क्षीण होत नाही. वरच्या मजल्याची जमीन हे खालच्या मजल्याचे छत असते. अशा आघाताने ते छतच नगाऱ्यासारखे वाजू लागते. टेबलावर धरलेला ठेका तिसऱ्या मजल्यावर टेबलाचा असतो, दुसऱ्या मजल्यावर तो छताचा होतो.

चौथे कारण स्वतः रात्र. दिवसा रहदारी, फेरीवाले, नळ, शाळा यांच्या कोलाहलात जो आवाज बुडून जातो, तोच रात्री एकटा उरतो. शिवाय निरभ्र, निवांत रात्री जमिनीलगतची हवा थंड होते आणि वरची तुलनेने उबदार राहते. त्यामुळे ध्वनीच्या लहरी आकाशात निसटण्याऐवजी जमिनीकडे वळतात आणि गच्चीवरील मैफल दूरच्या इमारतींपर्यंत ऐकू जाते.

कानाला पापणी नाही

झोपेत डोळे मिटतात, पण कान मिटत नाहीत. निसर्गाने रात्रीच्या संकटाचा पहारेकरी म्हणून त्याला जागे ठेवले आहे. १९६० साली ब्रिटनमधील इयन ऑस्वाल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी निद्रिस्त माणसांना अनेक नावे ऐकविली. स्वतःचे नाव आले तेव्हा झोपेतच त्यांच्या मेंदूने व शरीराने अधिक प्रतिसाद दिला. म्हणजे झोपलेला मेंदू केवळ आवाज ऐकत नाही, त्याचा अर्थही लावतो. एकसुरी पंख्याची घरघर म्हणून सोसवते, परंतु भिंतीपलीकडचे अर्धवट कळणारे संभाषण आणि अवचित उठणारा हास्यकल्लोळ सोसवत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार शयनगृहात सतत आवाज ३० डेसिबेलच्या आत असावा आणि एकेक सुटा आवाज ४५ डेसिबेलहून मोठा नसावा. आपली बैठक भिंतीतून ३० च्या आसपास पोहोचत होती हे आठवते ना? तिच्यात उघडी खिडकी, खुर्चीचा कर्रकर्र आवाज आणि तासातून वीस वेळा उठणारे हास्य मिळविले, की मर्यादा केव्हाच ओलांडली जाते. पहाटे पाळीवर जाणारा कामगार, तान्हे मूल व त्याची आई, आजारी माणूस, परीक्षेला बसलेला विद्यार्थी यांच्यासाठी हे आकड्यांचे खेळ नाहीत. त्यांचा दुसरा दिवस त्यावर अवलंबून असतो.

या विषयातील सर्वांत बोधप्रद प्रयोग मानसशास्त्रातील आहे. डेव्हिड ग्लास व जेरोम सिंगर या अमेरिकन संशोधकांनी १९७२ साली आपले नागरी गोंगाटावरील प्रयोग ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्यांनी काही लोकांना ठरावीक अंतराने गोंगाट ऐकविला, तर काहींना केव्हाही अवचित. काहींना असेही सांगितले की, अगदी असह्य झाल्यास ही कळ दाबा म्हणजे आवाज थांबेल. कळ मिळालेल्यांपैकी बहुतेकांनी ती दाबलीच नाही. म्हणजे दोन्ही गटांनी तेवढाच गोंगाट सोसला. तरीही नंतर दिलेल्या चिकाटीच्या कामात कळ मिळालेले लोक सरस ठरले, आणि अवचित गोंगाट ऐकलेले लोक मागे पडले.

याचा अर्थ फार मोठा आहे. गोंगाटाचा त्रास केवळ डेसिबेलवर ठरत नाही. तो केव्हा येणार व केव्हा संपणार हे ठाऊक आहे काय, आणि तो थांबविण्याचा काही उपाय आपल्या हाती आहे काय, यावरही ठरतो. शेजाऱ्याला आदल्या दिवशी सांगितलेले दोन शब्द आणि दिलेला दूरध्वनी क्रमांक ही त्याच्या हाती दिलेली कळच आहे. पुष्कळदा ती दाबली जात नाही, आणि तरीही उपयोगी पडते.

कायदा काय म्हणतो

भारत सरकारने २००० साली ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम जारी केले. त्यांनुसार रात्रीचे १० ते सकाळचे ६ हा काळ “रात्र” समजला जातो. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल आहे. व्यापारी भागात ती अनुक्रमे ६५ व ५५, तर रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्या भोवतालच्या शांतता क्षेत्रात ५० व ४० आहे.

१८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या विषयावर विस्तृत निकाल दिला. बोलण्याचे स्वातंत्र्य सर्वांना आहे, परंतु न ऐकण्याचे व शांततेने जगण्याचे स्वातंत्र्यही तितकेच मोलाचे आहे, आणि आपल्या घराच्या हद्दीतही कोणाला शेजाऱ्यास उपद्रव होईल असा आवाज करण्याचा हक्क नाही, असा त्याचा आशय आहे. ज्या याचिकांवरून हा निकाल झाला, त्यांपैकी एकीच्या मुळाशी एक दारुण घटना होती. ध्वनिवर्धकाच्या कल्लोळात संकटात सापडलेल्या एका बालिकेचा आक्रोश शेजारीपाजारी कोणालाही ऐकू गेला नाही. शेजार म्हणजे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर राहणे. गोंगाट झोपेबरोबर ते अंतरही हिरावून घेतो.

२०१० साली नियमांत सुधारणा झाली. खाजगी ध्वनियंत्राचा आवाज त्या जागेच्या सीमेवर भागाच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबेलहून अधिक असू नये, आणि सभागृहासारख्या बंदिस्त जागेतील अंतर्गत वापर किंवा सार्वजनिक आपत्ती वगळता रात्री ध्वनिवर्धक, वाद्ये इत्यादी वाजवू नयेत, असे त्यांत नमूद आहे. रात्रीच्या निर्बंधांचा भंग झाल्यास किंवा आवाज मर्यादेहून १० डेसिबेल वा अधिक चढल्यास कोणाही नागरिकाला नेमलेल्या प्राधिकाऱ्याकडे तक्रार करता येते.

तथापि कायद्याची पोहोच मर्यादित आहे, हेही मान्य केले पाहिजे. हसणे, बोलणे, खुर्ची सरकविणे यांसाठी प्रत्येक वेळी पोलीस येऊ शकत नाहीत, आणि आले तरी ते गेल्यानंतर त्याच जिन्यातून दोघांना पुढची वीस वर्षे चढउतार करावयाची असते. म्हणून कायदा हा शेवटचा उपाय समजावा. पहिले उपाय घरातच आहेत.

यजमानाने करावयाच्या गोष्टी

समारंभाच्या एक-दोन दिवस आधी वर, खाली व दोन्ही बाजूंच्या घरी स्वतः जाऊन सांगावे. कोणत्या दिवशी, किती वाजेपर्यंत, आणि त्रास झाल्यास कोणत्या क्रमांकावर कळवावे, या तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. शक्य असल्यास त्यांनाही बोलवावे. सांगितलेली वेळ पाळावी. ती मोडली तर पुढच्या वेळच्या शब्दाला किंमत राहत नाही.

बैठक शेजाऱ्याच्या शयनगृहाला लागून असलेल्या खोलीत भरवू नये. फरशीवर सतरंजी किंवा गालिचा अंथरावा, जाड पडदे सोडावेत, खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या किंवा कापड लावावे. ध्वनिवर्धक जमिनीवर किंवा सामाईक भिंतीला टेकवून न ठेवता घडी घातलेल्या गोधडीवर ठेवावा व त्याचा खर्ज उतरवावा. दहा वाजले की वाद्ये व यंत्रे थांबवावीत आणि शेजाऱ्याच्या बाजूच्या खिडक्या लावून घ्याव्यात. उभ्याने घोळक्यात बोलण्यापेक्षा बसून, एका वेळी एकाने किस्सा सांगावा. लोंबारचे चक्र तोडण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

यजमान स्वतः आवाजाची पारख करू शकत नाही हे आपण पाहिलेच. म्हणून तासाभराने एकाने बाहेर जावे, दार ओढून घ्यावे, जिन्याच्या खालच्या पायरीवर मिनिटभर उभे राहावे आणि ऐकावे. आत कधीही न कळणारी गोष्ट तेथे तत्काळ कळते. तसेच निरोप घरातच घ्यावा. जिना हा कठीण भिंतींचा उंच हौद आहे. तेथे अर्धा तास रेंगाळलेला निरोप सबंध इमारत ऐकते.

आणि तक्रार आलीच तर? आधी आवाज कमी करावा, मग बोलावे. “आम्हाला तर एवढे वाटत नाही” हे वाक्य शास्त्रदृष्ट्या निरर्थक आहे, कारण ते वाटणे शक्यच नसते. कोणता आवाज अधिक त्रास देतो, बोलण्याचा, ठोक्याचा की खुर्च्यांचा, एवढे विचारून घ्यावे. दुसऱ्या दिवशी जाऊन विचारपूस करावी.

तक्रार करणाऱ्याने पाळावयाची पथ्ये

भिंतीवर बुक्की मारू नये. तिच्यातून कोणताही अर्थ पोहोचत नाही, आणि इमारतीत एका आघाताची भर मात्र पडते. शांतपणे दाराशी जावे किंवा दूरध्वनी करावा, आणि माणसाविषयी न बोलता आवाजाविषयी बोलावे. “तुम्ही नेहमीच असे करता” यापेक्षा “आमच्या आतल्या खोलीत खुर्च्यांचा आवाज येतो, उद्या मला पहाटे कामावर जायचे आहे” हे वाक्य अधिक काम करते. पाहुण्यांदेखत यजमानाची मानहानी करू नये. सणासुदीच्या एखाद्या रात्री थोडे सोसण्याची तयारीही असावी, कारण उद्या आपल्या घरीही कार्य निघेल.

त्रास वारंवार होत असेल तर दिनांक, वेळ व आवाजाचा प्रकार यांची नोंद ठेवावी. भ्रमणध्वनीवरील मापक साधने अंदाजापुरतीच उपयोगी असतात, हे विसरू नये. त्यानंतर गृहनिर्माण संस्थेकडे लेखी निवेदन द्यावे. त्यानेही भागले नाही तर पोलिसांकडे जावे. तातडीच्या साहाय्यासाठी ११२ हा क्रमांक आहे. पलीकडे भांडणतंटा किंवा नशेतील मंडळी असल्याचे दिसल्यास मात्र स्वतः दाराशी न जाता प्रथम याच क्रमांकाचा उपयोग करावा.

करून पाहण्याजोगे दोन प्रयोग

शाळेत हे दोन प्रयोग सहज करता येतील. एक भ्रमणध्वनी थरथरण्याच्या स्थितीत ठेवून लाकडी टेबलावर ठेवावा आणि त्याला कोणीतरी फोन करावा. दुसऱ्या विद्यार्थ्याने टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कान लावून ऐकावे. मग त्याखाली चार पदरी घोंगडी घालून पुन्हा ऐकावे. इमारतीच्या देहातून जाणारा आवाज आणि त्याला मऊ आधाराने बसणारा अडसर यांची प्रचिती येईल.

दुसऱ्या प्रयोगात एका विद्यार्थ्याला धडा वाचावयास सांगावे. काही ओळींनंतर त्याच्या कानाला श्रवणयंत्र लावून त्यातून बेताच्या आवाजात गर्दीचा गलका ऐकवावा व वाचन चालू ठेवण्यास सांगावे. वर्गाला त्याचा आवाज चढलेला स्पष्ट कळेल. नंतर त्याला विचारावे, “तू आवाज चढविलास काय?” बहुधा तो “नाही” असेच म्हणेल, आणि तो खोटे बोलत नसेल.

आता पुन्हा तिसऱ्या मजल्यावरील दाराकडे वळू. घंटा वाजली आहे आणि काका उभे आहेत. आत बसलेल्या सोळा जणांपैकी एकालाही जे ऐकू येत नव्हते, ते सांगण्यासाठी एक मनुष्य अंथरुणातून उठून, जिना चढून आला आहे. त्या इमारतीत या क्षणी त्या बैठकीचा आवाज अचूक जाणणारा तोच एक आहे. यजमानांनी मागे वळून हाताने खूण केली, खोली शांत झाली आणि ते म्हणाले, “काका, बरे झाले सांगितलेत, आम्हाला कळलेच नव्हते,” तर त्यांच्या तोंडून निघालेले ते वाक्य अक्षरशः खरे असेल. दुसऱ्या दिवशी जिन्यात नमस्कारही होईल.